घट

मंगळवारी बाजारात आईची जागा शेवटून दुसरी,
लसूणवाल्याच्या पुढे, नालीच्या अलीकडे.
आधी ती मधे बसायची, कापडवाल्यांच्या रांगेत.
त्यांनी सह्यांचा कागद फिरवला : वास येते.
आई म्हणाली, येते तं. वासच तं इकतो मी.
आणि आपली ताडपत्री उचलून शेवटाला गेली.
गिऱ्हाईक नाकानेच तिथवर पोचलं.

बोंबील, जवळा, मांदेली,
सोडे वेगळ्या डब्यात, महाग म्हणून झाकून.
तिचं माहेर रामटेककडचं, शिंगाड्याच्या तळ्याचं.
गळाभर पाण्यात उभी राहून वाढलेली बाई,
पण समुद्र तिने पाहिलेला नाही.
तो तिच्याकडे गोणीतून येतो, हर्णैहून,
निळ्या जाळ्याच्या दोऱ्याने तोंड शिवून.
ते दोरे आई फेकत नाही.
आमच्या घरात खाटेचा पाय, कुलरची जाळी,
माझं दहावीचं दप्तरसुद्धा
त्याच निळ्या दोऱ्याने धरून ठेवलेलं.

गोणी भरते हंसाबाय चोगले.
दोघी एकमेकींना सहा वर्षं फक्त ऐकतात.

पहिलं भांडण मे महिन्यात झालं.
पावतीवर वीस किलो,
आमच्या काट्यावर एकोणीस किलो दोनशे.
आईने फोन लावला, पदर खोचून, जणू ती समोरच उभी आहे :
आठशे गिराम कुठी गेले वो बाई?
तिकडून : मी काटा बगूनच भरलंय गो.
मंग का रस्त्यानं मांजर बसली होती गोणीत?
तुमच्या गावचं ऊन खातंय बाय, माजा काय दोष?

आई गप्प झाली. शेचाळीस होतं त्या दिवशी.
पत्र्यावर टाकलेला बोंबील
वाजत होता, बांगडीसारखा.
तिने एक उचलला, मोडला, जिभेला लावला.
म्हणजे, ती मला म्हणाली,
आपण तिच्या गावच्या ओलीचे पैसे भरून रायलो.

तासभराने तोडगा निघाला :
अर्धी घट तिची, अर्धी आपली.
हिशोब मीच लिहिते. वहीत खाना पाडला.
काय नाव देऊ, विचारलं, तर म्हणाली, लिही काई बी.
मी लिहिलं : समुद्र, चारशे ग्रॅम, साठ रुपये.
तो खाना अजून तसाच चालतो.
थंडीत कमी भरतो, उन्हाळ्यात जास्त.

नवरात्राच्या आधी आईने तिला पीठ धाडलं,
शिंगाड्याचं, मामाच्या तळ्यातलं,
पाच किलो, कापडी पिशवीत, तोच निळा दोरा.
आठ दिवसांनी फोन :
बाय, तुजं पीठ पाच किलो दीडशे भरलं गो.
आई हसता हसता खाली बसली.
मंग दीडशेचे पैसे टाक ना!
ते नाय देणार. ते माज्या गावचं हाय.
(खरं तर तिने पैसे टाकले,
वर एक पुडी सोड्यांची,
हिशोबात न धरता. मी धरली.
आई रागावली. मी खोडली.)

आषाढात होड्या वर ओढलेल्या असतात.
दोन महिने गोणी नाही, भाव नाही.
आई लसूणवाल्याची लसूण सोलून देते, किलोमागे.
तरी मंगळवारी सकाळी फोन लागतोच.
काय भाव?
कसला भाव गो, मासळीच नाय.
हो ना.
मग दोघी आपापल्या पोरांना शिव्या घालतात,
बचत गटाच्या बाईला घालतात,
आणि बोलणं संपलं तरी कुणी ठेवत नाही.

परवा आईने मधेच विचारलं,
मांगं कायचा आवाज येऊन रायला वो, घरघर, घरघर?
कसला? हंसाबाय म्हणाली. काय नाय हितं.
आईने फोन माझ्या कानाला लावला.
मी ऐकलं. बराच वेळ ऐकलं.
फोन परत घेत आई म्हणाली,
पंखा असन. जुना असन तिचा.